रुपया किती हातांतून जातो?

२०११ साली जनगणना झाली तेव्हा भंडारा जिल्ह्यात १२ लाख माणसं भरली. त्याच वर्षी मॉरिशसनेही आपली माणसं मोजली. ती १२ लाख ३७ हजारांच्या आसपास निघाली. मॉरिशसला स्वतःचं चलन आहे, मध्यवर्ती बँक आहे, संयुक्त राष्ट्रसंघात खुर्ची आहे. भंडाऱ्याला वैनगंगा आहे, धान आहे, चिखला आणि डोंगरी बुजुर्गचं मँगनीज आहे आणि महामार्गालगत जवाहरनगरची आयुध निर्माणी आहे. माणसं बाहेर जाण्याचा प्रश्न दोघांनाही आहे. फरक एवढाच, की मॉरिशसवर अर्थतज्ज्ञ अहवाल लिहितात आणि भंडाऱ्याच्या वाट्याला जिल्हा नियोजन समितीची बैठक येते.

कष्टकरी माणसं बाहेर गेली की मागे राहिलेल्यांचं भलं होतं की वाटोळं, हा अर्थशास्त्रातला जुना वाद. तो कायम देशांच्या नावाने घातला जातो: नेपाळ, टोंगा, मोल्दोवा, लाटव्हिया. जिल्ह्यांच्या नावाने कुणी घालत नाही, कारण जिल्ह्याच्या आयात-निर्यातीचा हिशेब कुणी ठेवत नाही. नेपाळी तरुण कतारला निघाला की त्याच्या पासपोर्टवर शिक्का बसतो आणि त्याने पाठवलेला पैसा नेपाळ राष्ट्र बँकेच्या तक्त्यात दिसतो. पवनीचा किंवा लाखांदूरचा पोरगा चाकणला गेला, तर त्याची नोंद फक्त त्याच्या आईकडे असते. तरीही खूण राहतेच. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली, भंडारा जिल्ह्याची साडेपाच टक्क्यांच्या आसपास. यातला काही भाग घटत्या जन्मदराचा, हे कबूल. पण सगळा नाही.

जिल्हा म्हणजे सीमा नसलेला छोटा देश, असं धरून चाललं तर बऱ्याच गोष्टी उलगडतात. १९८५ साली बर्ट्रम आणि वॉटर्स या न्यूझीलंडच्या दोन अभ्यासकांनी प्रशांत महासागरातल्या चिमुकल्या बेटांचा अभ्यास केला आणि तिथल्या व्यवस्थेला ‘मिराब’ असं नाव दिलं. चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून केलेलं हे नाव. स्थलांतर, बाहेरून येणारा पैसा, मदत आणि नोकरशाही हे त्या बेटांचे चार खांब. बेटावर पिकतं थोडं, विकलं जातं त्याहून थोडं. घर चालतं ते ऑकलंडला गेलेल्या भावाच्या पैशावर, परदेशी अनुदानावर आणि सरकारी पगारावर. त्यांचा निष्कर्ष त्या काळच्या विकासवाद्यांना झोंबला. हे दोघे म्हणाले, ही अवस्था तात्पुरती समजू नका, ती पिढ्यानपिढ्या टिकू शकते आणि लोक तीत बऱ्यापैकी जगू शकतात.

नीउए हे त्यातलं टोकाचं उदाहरण. तिथल्या लोकांना न्यूझीलंडचं नागरिकत्व आहे, म्हणजे जायला कसलीच आडकाठी नाही. साठच्या दशकात बेटावर पाच हजारांच्या आसपास वस्ती होती, आज दोन हजारही उरलेली नाही. आणि न्यूझीलंडमध्ये स्वतःला नीउएचं म्हणवणारे ३० हजारांवर आहेत. भंडाऱ्याच्या माणसालाही पुण्याला जायला व्हिसा लागत नाही. म्हणून तुलना करायचीच तर आपली तुलना नेपाळपेक्षा नीउएशी अधिक जुळते.

आता जवाहरनगरच्या ठाणा पेट्रोल पंपाच्या चौकात उभं राहून हे चार खांब मोजा. नोकरशाही? साठच्या दशकात इथे दारूगोळ्याला लागणारी स्फोटकं आणि प्रोपेलंट बनवणारा केंद्र सरकारचा कारखाना आला, त्याबरोबर क्वार्टर, शाळा, दवाखाना, मैदान आणि महिन्याच्या ठरल्या तारखेला येणारा पगार आला. आता निवृत्तिवेतनही येतं. मदत? धानाची हमीभावाने सरकारी खरेदी, वर राज्य सरकारचा बोनस. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही हंगामांत तो हेक्टरी २० हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत जाहीर झाला. शिवाय रेशनचं धान्य. स्थलांतर आणि बाहेरचा पैसा यांबद्दल तर सांगायलाच नको. चारही खांब जागेवर आहेत. समुद्र तेवढा नाही.

हे हिणवण्यासाठी म्हणत नाही. वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे, गडेगावला अशोक लेलँड आहे, तुमसरला तांदळाच्या गिरण्या आहेत. जिल्हा काही हातावर हात धरून बसलेला नाही. पण जिल्ह्यातल्या घरांचा खर्च भागतो तो कुठल्या पैशातून, हे विचारलं की ‘मिराब’ची आठवण आल्यावाचून राहत नाही.

बाहेर गेलेल्यांमुळे वाढ होते की नाही, यावर अर्थशास्त्राचं उत्तर दोन तोंडांचं आहे. एक तोंड म्हणतं, होते. नेपाळात १९९५-९६ साली दारिद्र्यरेषेखाली ४२ टक्के लोक होते; २०१०-११ पर्यंत ते प्रमाण २५ टक्क्यांवर आलं. मधल्या काळात तिथे यादवी युद्ध झालं, राजेशाही गेली, कारखानदारी काही वाढली नाही. तरी गरिबी घटली, यात आखातातून आणि मलेशियातून येणाऱ्या पैशाचा मोठा वाटा होता. दुसरं तोंड म्हणतं, थांबा. नाणेनिधीच्या अभ्यासकांनी २०१६ साली पूर्व युरोपचा हिशेब मांडला. २५ वर्षांत जवळपास दोन कोटी माणसं पश्चिमेकडे गेली होती. ती गेली नसती तर १९९५ ते २०१२ या काळात तिथली एकूण वाढ सरासरी सात टक्क्यांनी जास्त झाली असती, असा त्यांचा अंदाज निघाला. कारण गेले ते तरुण आणि शिकलेले. मागे उरले म्हातारे, निवृत्तिवेतन आणि ते देण्यासाठी चढलेले कर.

आणि नेपाळच्या त्या यशालाही दुसरी बाजू आहे. देशाच्या उत्पन्नाच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याइतका पैसा बाहेरून येतो आणि त्यातून मोटारसायकली, मोबाइल, तेल, अगदी तांदूळही आयात होतो. त्या आयातीवरची जकात हा सरकारच्या महसुलाचा मोठा आधार. म्हणजे तरुण जितके बाहेर जातील तितकी सरकारची तिजोरी बरी. अशा सरकारला घरी रोजगार उभा करण्याची घाई कशाला असेल? २०२१च्या जनगणनेत नेपाळचे जवळपास २२ लाख लोक देशाबाहेर असल्याची नोंद झाली.

जगदीश भगवतींनी सत्तरच्या दशकात सुचवलं होतं की परदेशी गेलेल्या शिकलेल्यांच्या उत्पन्नावर कर बसवावा आणि तो मायदेशाला द्यावा. त्यांना शिकवायला मायदेशाने पैसा खर्च केला, फळ दुसऱ्याने खाल्लं, हा त्यामागचा विचार. तर्क बिनतोड, वसुली अशक्य. पण भंडाऱ्याच्या शाळेत शिकलेला अभियंता हिंजवडीत भरतो त्या प्राप्तिकरातला छदाम तरी त्या शाळेकडे वळतो का, असं विचारून पाहा, म्हणजे भगवतींचं म्हणणं नेमकं कळतं.

इथे जवाहरनगरची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारण सगळे पुढारी एकच औषध सांगतात: गावात कारखाना आणा, स्थलांतर थांबेल. जवाहरनगरात कारखाना आला, तोही सरकारी. मग स्थलांतर थांबलं का? पहिल्या पिढीचं थांबलं. आसपासच्या गावांतली माणसं सायकलने पाळीवर जाऊ लागली, देशाच्या इतर भागांतली कुटुंबंही इथे येऊन राहिली. त्या पगारातून मुलं शिकली. आणि शिकलेली मुलं नागपूर, पुणे, हैदराबाद, बेंगळुरू आणि त्याही पलीकडे गेली. कारखान्याने स्थलांतर थांबवलं नाही, त्याचा दर्जा वाढवला. बाप शेतमजूर असता तर पोरगा बांधकामावर गेला असता. बाप कारखान्यात होता म्हणून पोरगा कंपनीत गेला.

हे जवाहरनगरपुरतं नाही. उत्पन्न थोडं वाढलं की बाहेर जाण्याची ऐपत येते, आकांक्षा येते, आणि स्थलांतर आधी वाढतं, फार पुढे जाऊन कमी होतं, असं जगभर दिसलं आहे. फिजीचं उदाहरण तर याहून विलक्षण. १९८७च्या लष्करी उठावांनंतर तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांनी देश सोडायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियाला शिकलेली माणसं हवी होती, म्हणून घरोघरी मुलं जास्त शिकू लागली. शिकले तितके सगळे काही गेले नाहीत. परिणामी इतके लोक जाऊनही मागे उरलेल्यांचं शिक्षण घटलं नाही. तेव्हा जाण्याची वाट उघडी असणं हेच शिक्षणाचं कारण होऊ शकतं. भंडाऱ्याचं कुठलं घर हे नाकारेल?

मात्र जवाहरनगरची ती पहिली शिडी आता पूर्वीसारखी उभी नाही. १ ऑक्टोबर २०२१ला आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झालं, त्याच्या सात कंपन्या झाल्या, भंडाऱ्याचा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेला. ‘डेंजर बिल्डिंग वर्कर’ची पदं आता ठरावीक मुदतीच्या करारावर भरली जातात. नाव पुरेसं बोलकं आहे. २४ जानेवारी २०२५ला याच कारखान्यात स्फोट होऊन इमारतीचं छत कोसळलं आणि किमान आठ कामगार गेले. जोखीम कायमची आणि नोकरी मुदतीची, असा सौदा आजच्या आयटीआयवाल्या पोरापुढे आहे. त्याच्या बापापुढे जोखीम होती, पण निवृत्तिवेतनही होतं. मुदत संपल्यावर तो काय करील? हातात रसायन कारखाना चालवण्याचं प्रमाणपत्र आहे आणि रसायन कारखाने गुजरातेत आहेत.

शेतीकडे या. बाहेर गेलेल्या माणसाची जागा रिकामी राहते ती जुलैत, रोवणीला. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं तयार आहेत, बांधीत चिखल झाला आहे, पाऊस आला आहे आणि रोवायला हात नाहीत, ही तक्रार दर हंगामात ऐकू येते. रोवणी जवळजवळ सगळी बायांच्या हातची. पहाटे पिकअप गाडी येते, शेजारच्या गावांतून बाया भरून नेते, एकराचा हुंडा, म्हणजे ठोक मजुरी, ठरतो आणि टोळी संध्याकाळपर्यंत बांधी हिरवी करून सोडते. पूर्वी मालक रोज ठरवायचा, आता टोळी हुंडा सांगते. ज्या आठवड्यात सगळ्यांचाच चिखल तयार असतो त्या आठवड्यात तर विचारूच नका. कागदावर बघितलं तर हा स्थलांतराचा सर्वांत निखळ फायदा आहे: माणसं गेली, हात महागले, मागे राहिलेल्या बाईच्या पदरात चार पैसे जास्त पडले. ज्यांना मजुरी वाढली याचं दुःख होतं, त्यांच्याविषयी मला फारशी सहानुभूती नाही.

पण गोष्ट तिथे थांबत नाही. हुंडा परवडेना तसा शेतकरी आवत्याकडे वळतो, म्हणजे रोवणीच नको, बी थेट फेकायचं. कापणीला हार्वेस्टर येतं. ते यंत्र परप्रांतातलं, चालक परप्रांतातला, भाडं परप्रांतात जातं. जी मजुरी गावातल्या वीस बायांना मिळाली असती ती डिझेलसकट जिल्ह्याबाहेर गेली. मग त्या बायांपैकी काही जणी हिवाळ्यात मिरची तोडायला तेलंगणात जातात. २०२०च्या टाळेबंदीत तिकडून पायी परतलेले मजुरांचे तांडे आपण पूर्व विदर्भातल्या रस्त्यांवर पाहिले, तेव्हा कुठे हे स्थलांतर शहरातल्या लोकांना दिसलं.

म्हणून मला वाटतं, किती गेले आणि किती पाठवले हे दोन्ही आकडे दुय्यम आहेत. विचारायचं ते असं: आलेला रुपया जिल्ह्याबाहेर पडण्याआधी इथल्या किती हातांतून जातो?

समजा, चाकणहून महिन्याला १० हजार रुपये साकोलीजवळच्या एका घरी आले. मोटारसायकलचा हप्ता: कंपनी बाहेरची, कर्ज देणारीही बाहेरची. मोबाइलचं रिचार्ज, गॅसचं सिलिंडर, तेलाचं पाकीट, खताची गोणी: किराणावाल्याचं आणि कृषी केंद्राचं कमिशन सोडलं तर सगळं बाहेर. सासऱ्यांचं दुखणं: डॉक्टर नागपूरला. मुलीची शिकवणी: तीही नागपूरला. उरलं काय? आठवडी बाजारातली भाजी, शिंप्याचं बिल, गवंड्याची मजुरी, रोवणीचा हुंडा. शंभरातले वीस रुपये इथल्या माणसाच्या हाती गेले असं धरू, आणि तोही त्यातले वीस टक्केच इथे खर्च करतो असं धरू. मग वीस, चार, ऐंशी पैसे अशी बेरीज करत गेलात तर आलेल्या शंभरातून जिल्ह्यात एकूण पंचवीस रुपयांचं उत्पन्न तयार होतं. तेच वीसऐवजी पन्नास थांबले, तर पन्नास, पंचवीस, साडेबारा अशी बेरीज थेट शंभरावर जाते. पाठवणाऱ्याने एक पैसा जास्त न पाठवता चौपट. कारखान्याच्या पगारालाही हाच हिशेब लागू आहे आणि धानाच्या बोनसलाही. फुटक्या माठात पाणी ओतणारा माणूस कोण आहे, याने फारसा फरक पडत नाही.

पूर्वी असे हात होते. आंधळगाव-मोहाडीच्या कोशाच्या साडीचा रुपया पाहा: ऐनाच्या झाडावर कोष जोपासणारा, सूत काढणारी, रंगारी, विणकर, व्यापारी. गिऱ्हाईक मुंबईचं असलं तरी तिचा पैसा चार-पाच स्थानिक घरांत वाटला जायचा. आज त्या धंद्याची रया गेली आहे.

कोकणाने हा धडा आपल्या आधी गिरवला. गिरणगावातून येणाऱ्या मनीऑर्डरींवर रत्नागिरीची घरं शंभर वर्षं चालली. घरं बांधली गेली, देवळांचे जीर्णोद्धार झाले, शाळांना खोल्या मिळाल्या; मुंबईतली ग्रामविकास मंडळं हे तर आपल्या समाजजीवनातलं मोठं काम. पण त्या पैशाने कोकणात उत्पादन फारसं उभं राहिलं नाही. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो नळच आटला. तरीही माणसं परतून राहिली नाहीत, पुढची पिढी पुन्हा बाहेरच गेली. २०११ला रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली होती.

आता पुन्हा मॉरिशस. त्या बेटावर १८३४पासून मळ्यांवर करारबद्ध मजूर आले, त्यांत मुंबई इलाख्यातली, कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांच्या वंशजांना आजही तिथे मराठी शिकता येतं. १९६१ साली जेम्स मीड या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने बेटाचं भविष्य अंधारं रंगवलं: एकच पीक, वाढती तोंडं, रोजगार नाही. पुढे त्याला नोबेल मिळालं, पण हे भाकीत फसलं. १९६८च्या स्वातंत्र्याच्या आगेमागे बरेच शिकलेले लोक बेट सोडून गेले, हेही खरं. मग घडलं काय? १९७०ला निर्यात उद्योगांसाठी कायदा झाला. १९७५च्या लोमे कराराने युरोपात साखरेला हमीभाव मिळाला. मळेवाल्यांच्या हाती आलेला तो नफा सगळा पॅरिसला गेला नाही, त्यातला मोठा भाग बेटावरच्याच कापड कारखान्यांत गुंतला. कामावर आल्या त्या बेटावरच्या बाया. पुढे मजूर इतके कमी पडले की आज मॉरिशसच्या कारखान्यांत बांगलादेशी कामगार आहेत. पैसा बाहेरचाच होता, हमीभावही परक्यांनी दिलेला. तो थांबला मात्र घरी.

आयर्लंडचंही तसंच. १९५०च्या दशकात तिथून सुमारे चार लाख माणसं गेली, १९६१ला प्रजासत्ताकाची लोकसंख्या २८ लाखांवर आली. १९६७पासून माध्यमिक शिक्षण फुकट झालं, १९७३ला युरोपीय बाजारपेठ खुली झाली. ऐंशीच्या दशकापर्यंत शिकलेली पोरं तरीही लंडनला जातच होती, आणि ‘आम्ही इंग्लंडसाठी शिकवतो का’ असं म्हणणारे तिथेही असणारच. नव्वदच्या दशकात काम घरी आलं तेव्हा तीच पोरं अनुभव घेऊन परतली. गेलेला माणूस परत येऊ शकतो, फक्त त्याच्यासाठी नोकरी आधी यावी लागते. त्याने येऊन ती निर्माण करावी ही अपेक्षा भाबडी आहे.

अर्थात मॉरिशस आणि आयर्लंड हे देश आहेत. त्यांना कायदे करता आले, करार करता आले. भंडाऱ्याला यातलं काही करता येत नाही, मुंबई आणि दिल्ली करील तेवढंच. गोसीखुर्द धरणाचंच बघा: पाया १९८८ला रचला गेला. मूळ अंदाज ३७२ कोटींचा, आता तो कित्येक पटींनी वाढला, आणि सगळी ठरलेली शेतं अजून भिजत नाहीत. उन्हाळी पाणी असलेल्या गावातून मजूर मिरचीला कमी जातात, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. म्हणून जिल्ह्याला देश म्हणताना ही मर्यादा मी विसरत नाही.

तरी एक गोष्ट जिल्ह्याच्या हातात आहे, ती बँकेची. बाहेरून आलेला पैसा खर्चून उरतो तो भंडारा, साकोली, तुमसर, जवाहरनगरच्या शाखांत ठेव म्हणून पडतो. निवृत्त कामगारांचे फंड पडतात, धानाचे चुकारे पडतात. ती ठेव इथे कर्ज म्हणून फिरली तर रुपया आणखी दोन हातांतून जाईल, मुंबईच्या बड्या कर्जदाराला गेली तर जाणार नाही. ग्रामीण आणि निमशहरी शाखांनी ठेवींच्या ६० टक्के कर्ज वाटावं असं रिझर्व्ह बँकेने सांगून ठेवलं आहे. जिल्ह्याचं हे प्रमाण दर तिमाहीला अग्रणी बँकेच्या जिल्हास्तरीय सल्लागार समितीपुढे येतं. जिल्हाधिकारी अध्यक्ष असतात, बँकांचे अधिकारी असतात. त्यावर वर्तमानपत्रात चार ओळी आल्या तर आल्या.

या दिवाळीला पुण्याहून, हैदराबादहून भंडाऱ्याला जाणाऱ्या वाचकांना माझं एवढंच सांगणं आहे: पालकमंत्र्यांना नवा कारखाना मागण्याआधी हा आकडा मागा, शाखानिहाय मागा, आणि ज्या शाखेत आपल्या वडिलांची ठेव आहे तिने गेल्या वर्षी गावातल्या किती गिरण्यांना, गोठ्यांना आणि मागांना कर्ज दिलं ते विचारा.